घटना लिहून झाली, मग सरकारची घडी बसली कशी?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: 'नवा देश स्वतंत्र झाला की संसद, न्यायालय, निवडणूक यंत्रणा, नोकरशाही या संस्था तो कशा उभ्या करतो? त्यांच्या परंपरा कोण ठरवतं? राज्यघटनेत हे सगळं लिहिलेलंच असतं ना?'

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही, लिहिलेलं नसतं. घटनेत पदं असतात, अधिकार असतात, मर्यादा असतात. पण त्या पदावरच्या माणसाने अडचणीच्या वेळी नेमकं कसं वागायचं, यातलं निम्मंसुद्धा तिथे सापडत नाही.

माझी तीसहून अधिक वर्षं विधिमंडळाच्या सचिवालयात गेली. नोकरीला लागलो त्याच्या पहिल्याच अधिवेशनात एका सदस्याने हरकतीचा मुद्दा काढला आणि सभागृहात गदारोळ झाला. अध्यक्षांच्या आसनाकडून आमच्या टेबलावर एक चिठ्ठी आली. तिच्यावर एकच शब्द होता, 'दाखला?' वरिष्ठांनी मला ग्रंथालयात पिटाळलं. जुन्या कार्यवृत्ताचा जाडजूड खंड, पिवळी पडलेली पानं, आणि समासात कुणीतरी पेन्सिलने केलेली फुली. त्या फुलीपाशी पूर्वीच्या एका अध्यक्षांनी अशाच पेचावर दिलेला निर्णय होता, आणि निर्णयाखाली चार ओळींत त्याचं कारण. खंड घेऊन धावत आलो. अध्यक्षांनी त्या चार ओळी वाचून दाखवल्या आणि दोन्ही बाजूंचे सदस्य खाली बसले. एक माणूस कधीकाळी नीट विचार करून वागला होता आणि का तसं वागलो हे त्याने लिहून ठेवलं होतं, म्हणून त्या दिवशीचं कामकाज पुढे सरकलं.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या पेन्सिलच्या फुलीत आहे. संस्था कायद्याने जन्माला येते. तिची परंपरा मात्र पहिला पेच पडतो त्या दिवशी ठरते: पहिल्या माणसाने काय केलं, काय करायला नकार दिला, आणि त्याची नोंद ठेवली की नाही. हे आपल्याच देशाच्या उदाहरणावरून सांगतो. १९४६ ते १९५६ ही दहा वर्षं मला या विषयाची खरी शाळा वाटतात.

पहिली गोष्ट, कुठलाही शहाणा देश शून्यापासून सुरुवात करत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला सत्तांतर झालं, पण दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडलं, कचेऱ्या भरल्या, गाड्या धावल्या. इंग्रजांनी केलेला १९३५ चा भारत सरकार कायदा आवश्यक फेरफार करून २६ जानेवारी १९५० पर्यंत चालवला. घटना अमलात आल्यावरही कलम ३७२ ने जुने कायदे रद्द होईपर्यंत चालू ठेवले. ज्यांनी कालपर्यंत इंग्रजांची चाकरी केली त्या सनदी अधिकाऱ्यांचं काय करायचं, यावर घटना समितीत बराच राग होता. वल्लभभाई पटेलांनी १० ऑक्टोबर १९४९ ला त्यांच्या सेवाशर्तींची हमी घटनेत यावी म्हणून ठाम भाषण केलं. स्वतः त्याच यंत्रणेच्या तुरुंगात राहिलेला माणूस हे सांगत होता. सर्वोच्च न्यायालयाला तर स्वतःची इमारतही नव्हती. २८ जानेवारी १९५० ला त्याचं कामकाज तेव्हाच्या संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या, म्हणजे संस्थानिकांच्या सभेच्या, दालनात सुरू झालं. आजच्या इमारतीत ते १९५८ मध्ये गेलं.

आमच्या सचिवालयाचं मूळही स्वातंत्र्याआधीचं आहे आणि त्याची गोष्ट मी प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला सांगायचो. विठ्ठलभाई पटेल १९२५ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले. तेव्हा त्यांच्या हाताखालचे कर्मचारी सरकारच्या खात्याचे होते. म्हणजे सरकारला अडचणीत आणणारा प्रश्न स्वीकारायचा की फेटाळायचा, यावर टिप्पणी लिहिणाऱ्या माणसाची बढती सरकारच्याच हातात. विठ्ठलभाईंनी हे बदलायला लावलं आणि १० जानेवारी १९२९ ला कायदेमंडळाचा स्वतंत्र विभाग झाला. घटनेच्या कलम ९८ मधलं संसदेचं स्वतंत्र सचिवालय हे त्याचंच पुढचं रूप. कुठल्याही देशातली एखादी संस्था खरोखर स्वायत्त आहे का हे बघायचं असेल, तर तिच्या कारकुनाचा गोपनीय अहवाल कोण लिहितो ते आधी बघा. भाषणं नंतर ऐका.

आता माणसांकडे येऊ. घटना समिती ९ डिसेंबर १९४६ ला पहिल्यांदा भरली. स्वातंत्र्यानंतर तिच्यावर दोन कामं आली: घटना तयार करणं आणि रोजचे कायदे करणं. घटनेच्या कामाचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद त्या वेळी मंत्रीही होते. मंत्र्याने कायदेमंडळाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसणं बरोबर नाही, म्हणून दोन भूमिका वेगळ्या केल्या आणि १७ नोव्हेंबर १९४७ ला कायदेमंडळ म्हणून भरलेल्या बैठकीने गणेश वासुदेव मावळंकरांना अध्यक्ष निवडलं. माणसं तीच, इमारत तीच, फक्त खुर्चीवरचा माणूस वेगळा. वरवर ही बाब तांत्रिक वाटते. मला मात्र त्या काळातल्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी तो एक वाटतो, कारण सरकार आणि सभागृह या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे त्यातून पहिल्याच वर्षी सगळ्यांच्या डोळ्यांना दिसलं.

दादासाहेब मावळंकर मूळचे रत्नागिरीकडचे. घराणं संगमेश्वर भागातलं, कर्मभूमी अहमदाबाद. १९३७ पासून ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, त्यामुळे दिल्लीला जाताना त्यांच्या गाठीला अनुभव होता. इंग्लंडात अध्यक्ष झालेला माणूस पक्ष सोडतो. आपल्याकडे त्या वेळी हे जमणारं नाही, कारण पक्ष सोडलेल्याला पुढच्या निवडणुकीत उभं कोण करणार, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला: पक्षाचं सदस्यत्व राहील, पण पक्षाच्या वादात आणि डावपेचांत अध्यक्ष पडणार नाही. परदेशी प्रथा जशीच्या तशी उचलली असती तर ती पहिल्याच निवडणुकीत कोसळली असती. पुढे १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डींनी अध्यक्ष झाल्यावर पक्षाचा राजीनामा दिला, पण तो प्रघात काही पडला नाही. एकाने केलं म्हणून परंपरा होत नाही. पाठोपाठ दुसऱ्याने आणि तिसऱ्यानेही तेच करावं लागतं.

पहिल्या लोकसभेत काँग्रेसचे ३६४ सदस्य, आणि विरोधातला सर्वांत मोठा गट कम्युनिस्टांचा, १६ जणांचा. अशा सभागृहात अध्यक्षाने मनात आणलं असतं तर विरोधकांना तोंडही उघडता आलं नसतं. १५ मे १९५२ ला अध्यक्षपदाची निवडणूक झाली तेव्हा विरोधकांचे उमेदवार शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे होते. मावळंकरांना ३९४ मतं, विरोधात ५५. निकाल ठाऊक असतानाही निवडणूक लढवली गेली, हाही एक पायंडाच.

मावळंकरांनी समित्यांची जी घडी बसवली तिच्यावर आजही काम चालतं. १९५० मध्ये सरकारी खर्चाचे अंदाज तपासणारी अंदाज समिती आली. झालेल्या खर्चाचा हिशोब तपासणारी लोकलेखा समिती १९२१ पासून होती, पण तिच्यावर अर्थमंत्री अध्यक्ष म्हणून बसत. म्हणजे ज्याचा हिशोब तपासायचा तोच तपासणारा. घटना आल्यावर ती समिती लोकसभेच्या अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली गेली. तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे जायला मात्र १९६७ उजाडलं. तेव्हा मिनू मसानी अध्यक्ष झाले आणि तेव्हापासून तो संकेत टिकला आहे.

डिसेंबर १९५३ मध्ये नेमलेली आश्वासन समिती मला सर्वांत प्रिय, कारण तिच्यासारखंच काम मी आमच्याकडे अनेक वर्षं केलं. मंत्री सभागृहात उभे राहून म्हणतात, 'माहिती घेऊन सांगतो', 'तपासून बघू', 'कारवाई करण्यात येईल'. पूर्वी ही वाक्यं हवेत विरायची. समिती आल्यावर आम्ही रोजचं कार्यवृत्त घेऊन बसायचो आणि अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढायचो. मग ते वाक्य नोंदवहीत चढायचं: तारीख, मंत्री, खातं, शब्द न् शब्द आश्वासन, आणि शेवटचा रकाना 'पूर्तता'. तो रकाना रिकामा दिसला की खात्याला पत्र, मग स्मरणपत्र, मग सचिवांना समितीपुढे बोलावणं. एका खात्याने एकदा 'असं आम्ही म्हणालोच नव्हतो' असं लेखी कळवलं. मी कार्यवृत्ताच्या पानाची प्रत जोडून पाठवली. पंधरा दिवसांत पूर्तता आली. जबाबदार सरकार म्हणजे काय, हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा त्या रकान्याने जास्त शिकवलं.

विरोधी पक्षनेता हे पदही असंच. एखाद्या गटाला अधिकृत विरोधी पक्ष मानायला किमान किती सदस्य हवेत, हे घटनेत नाही. गणपूर्तीइतकी संख्या, म्हणजे सभागृहाच्या एक दशांश, हा निकष मावळंकरांच्या काळातला. परिणाम असा की लोकसभेला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता १९६९ पर्यंत मिळालाच नाही. माझ्या मते या निकषाचा फेरविचार व्हायला हवा. सुरुवातीच्या काळातला प्रत्येक पायंडा कायमचा पाळावा असं मी मानत नाही. पण तो मोडायचा तर का मोडतो, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहावं.

१८ डिसेंबर १९५४ ला खुद्द मावळंकरांविरुद्ध ठराव आला. लोकसभेच्या अध्यक्षाला दूर करण्याचा हा पहिला ठराव. खुर्चीवर उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार बसले. पंतप्रधान नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना सांगितलं की हा पक्षाचा विषय नाही, पक्षादेशाचं बंधन मानू नका. ठराव फेटाळला गेला. तो फेटाळला जाणार हे उघडच होतं. पण ठराव मांडू दिला, त्यावर बोलू दिलं, आणि ज्याच्यावर आरोप तो खुर्चीवर नव्हता. पहिल्या वेळी असं झालं म्हणून पुढच्यांना वाट मिळाली.

सगळं असंच छान झालं असं समजू नका. १९५१ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदूंचे विवाह, वारसा यांचे कायदे सुधारणारं हिंदू संहिता विधेयक रखडवलं गेलं हे त्यातलं मोठं कारण. ऑक्टोबरात ते सभागृहात निवेदन करायला उभे राहिले तेव्हा उपाध्यक्षांनी आधी निवेदनाची प्रत मागितली आणि संध्याकाळची वेळ दिली. बाबासाहेबांनी ते मानलं नाही. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिलं. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना आपलं म्हणणं सभागृहात मांडता आलं नाही, ही बाब मला आजही बोचते. पाच वर्षांनी, १९५६ च्या जुलैत, महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून लोकसभेत उभे राहिले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न करता झाला, हा त्यांचा आक्षेप होता. पंतप्रधानांना तो मान्य नव्हता. तरी देशमुखांनी तो सभागृहात पूर्णपणे मांडला आणि तो कार्यवृत्तात कायमचा नोंदला गेला. आजच्या लोकसभेच्या नियमावलीत नियम १९९ आहे: राजीनामा दिलेल्या मंत्र्याला निवेदन करता येतं, पण प्रत एक दिवस आधी अध्यक्षांना आणि सभागृहनेत्याला द्यावी लागते. नियमाचं ते कोरडं वाक्य वाचताना मला ही दोन्ही माणसं समोर उभी दिसतात.

राष्ट्रपतींचं पदही १९५१ मध्येच कसोटीला लागलं. हिंदू संहिता विधेयकाला राजेंद्रप्रसादांचा विरोध होता आणि राष्ट्रपती स्वतःच्या मताने काही ठरवू शकतो का, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मत दिलं: राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचं. घटनेत तेव्हा 'सल्ला बंधनकारक आहे' असं स्पष्ट वाक्य नव्हतं. राजेंद्रप्रसादांना ते मत मनापासून पटलं होतं असं नाही. १९६० मध्येही त्यांनी जाहीर भाषणात राष्ट्रपतींच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा असं सुचवलं. पण आपली शंका त्यांनी शब्दांपुरती ठेवली, कृतीत मंत्रिमंडळाला डावललं नाही. त्यांच्यासारखा लोकप्रिय राष्ट्रपती अडून बसला असता तर आपल्या संसदीय पद्धतीचं काय झालं असतं, कल्पना करा. हाच संकेत १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ७४ मध्ये लिहिला गेला आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा मिळाली.

अमेरिकेतही हेच घडलेलं दिसतं. ऑगस्ट १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन एका कराराबद्दल सल्ला घ्यायला स्वतः सिनेटमध्ये गेले. सिनेटने तिथल्या तिथे मत न देता विषय समितीकडे पाठवायची भाषा केली, तसे ते वैतागले आणि अशा सल्ल्यासाठी पुन्हा तिकडे गेले नाहीत. राज्यघटनेत 'सिनेटच्या सल्ल्याने' हे शब्द आहेत, तरी त्यांच्यामागचे राष्ट्राध्यक्षही तशा सल्लामसलतीसाठी सिनेटमध्ये जाऊन बसत नाहीत. दोन कार्यकाळांनंतर थांबायचं हा प्रघातही वॉशिंग्टन यांच्यापासूनचा. तो १९४० मध्ये मोडला, आणि १९५१ मध्ये तो घटनेत लिहावा लागला.

निवडणूक आयोगाचं उदाहरण वेगळं सांगायला हवं, कारण तिथे मागचा दाखला जवळजवळ नव्हताच. प्रौढ मताधिकाराने एवढी निवडणूक इथे कधी झाली नव्हती. सुकुमार सेन मार्च १९५० मध्ये पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. सतरा कोटींहून अधिक मतदार, त्यातले बहुसंख्य निरक्षर. म्हणून चिन्हं आली, प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी आली. लाखो पोलादी पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. पण माझ्या दृष्टीने सेन यांचा मोठा निर्णय मतदार यादीतला आहे. नावं नोंदवायला गेलेल्या कर्मचाऱ्यांना अनेक ठिकाणी स्त्रिया स्वतःचं नाव सांगेनात. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच नोंद झाली. सेन यांनी अशी नोंद मानायला नकार दिला. दुरुस्तीला मुदत दिली, तरी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं शेवटी वगळावी लागली. २८ लाख हा आकडा लहान नाही. त्या स्त्रियांचं त्या वेळचं मत गेलं आणि त्याची हळहळ वाटणं रास्त आहे. तरीही सेन यांचं बरोबर होतं असं मी म्हणतो. पहिल्या यादीत 'अमक्याची बायको' चाललं असतं तर ते पुढच्या दहा याद्यांत चाललं असतं. मतदार म्हणजे स्वतःचं नाव असलेली व्यक्ती, हे पहिल्याच वेळी ठरलं.

आता जे मोडलं त्याकडे बघा. सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश हरिलाल कानिया नोव्हेंबर १९५१ मध्ये पदावर असतानाच वारले आणि सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती पतंजली शास्त्री सरन्यायाधीश झाले. ज्येष्ठतेचा हा संकेत १९७३ मध्ये तिघा न्यायमूर्तींना डावलून मोडला गेला. तिघांनीही राजीनामे दिले. १९७७ मध्ये न्या. खन्नांना डावलून तो पुन्हा मोडला. नंतर गाडी ज्येष्ठतेवरच परत आली, कारण मोडल्याची किंमत सगळ्यांनी पाहिली होती. नियोजन आयोगाची गोष्ट निराळी. तो १५ मार्च १९५० ला मंत्रिमंडळाच्या ठरावाने आला, त्याला घटनेचा किंवा कायद्याचा आधार नव्हता. पासष्ट वर्षं त्याने देशाच्या पैशाच्या वाटपात मोठी भूमिका बजावली, आणि १ जानेवारी २०१५ ला दुसऱ्या ठरावाने नीती आयोग त्याच्या जागी आला. त्याच काळातला वित्त आयोग मात्र कलम २८० मुळे आजही दर पाच वर्षांनी नेमावाच लागतो. आयोग चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवा. संस्थेचा पाया कशात घातला, यावर तिचं आयुष्य किती ठरतं, ते इथे दिसतं.

बाबासाहेबांना हे सगळं आधीच दिसत होतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना, प्रशासनाचा एवढा तपशील घटनेत कशाला, या टीकेला त्यांनी उत्तर दिलं. घटनात्मक नीती ही उपजत भावना नसते, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, म्हणून हा तपशील कायदेमंडळावर न सोडता घटनेतच लिहिणं शहाणपणाचं, असं त्यांचं म्हणणं. नवा देश किती लिहितो आणि किती सोडतो, या तुमच्या मूळ प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला ठाऊक नाही.

तुम्हाला अभ्यासच करायचा असेल तर गाइडं बाजूला ठेवून मूळ कार्यवृत्त वाचा. सुरुवात घटना समितीच्या २४ जानेवारी १९५० च्या बैठकीपासून करा. राष्ट्रगीताचा ठराव त्यात शोधाल तर मिळणार नाही. ठराव करण्याचा विचार आधी होता, पण निवेदन करणं बरं असं ठरलं, हे राजेंद्रप्रसाद स्वतःच तिथे सांगतात. मग 'जन गण मन' राष्ट्रगीत असेल आणि 'वंदे मातरम्'ला समान मान मिळेल असं ते जाहीर करतात. मतदान झालं नाही. सदस्यांनी त्याच दिवशी घटनेच्या प्रतींवर सह्या केल्या. तेवढी पानं वाचून झाली की १८ डिसेंबर १९५४ चा लोकसभेचा खंड काढा, आणि काही अडलं तर परत विचारा.